बार्बेक्यूला जायचे तर सकाळीच निघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत टेक्सासच्या सहलीवरचा लेख वाचला. त्यात लॉकहार्टच्या बार्बेक्यूला संध्याकाळी निवांत जावे आणि तिथला सॉस चाखावा, असे सुचवले आहे. दोन्ही सल्ले उलटे आहेत. ऑस्टिन-ह्यूस्टनला मुलांकडे येणारे आईवडील अशा लेखांवर विसंबून बेत आखतात, म्हणून हे पत्र.

लॉकहार्ट ऑस्टिनच्या दक्षिणेला, पन्नासेक किलोमीटरवर. तिथल्या जुन्या बार्बेक्यू दुकानांपैकी क्राइट्स मार्केट 1900चे, ब्लॅक्स 1932चे. मध्य टेक्सासातल्या या प्रथेचे मूळ जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या मांसाच्या दुकानांत आहे. न खपलेले मांस धुरावर शिजवायचे आणि तोलून, कागदात बांधून द्यायचे. क्राइट्समध्ये तर कित्येक वर्षे ना काटा मिळे ना सॉस. मांस चांगले उतरले असेल तर सॉस लागत नाही. लागलाच तर बाजूला घ्यावा, वर ओतू नये.

आता वेळेचे. इथला मुख्य जिन्नस ब्रिस्केट, म्हणजे गोमांसातला छातीचा भाग. पाच-सहा किलोचा तुकडा मीठ आणि जाडसर मिरपूड चोळून पोस्ट ओक या स्थानिक ओक झाडाच्या लाकडावर 110 ते 135 अंश सेल्सिअसला दहा-चौदा तास ठेवतात. (लॉकहार्टातल्याच काही जुन्या भट्ट्या आच जास्त ठेवून बऱ्याच लवकर उरकतात.) आतले तापमान सत्तरच्या आसपास आले की तासन् तास तिथेच अडते. मांसातून सुटणाऱ्या पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते, माठातले पाणी गार राहते त्याच कारणाने. इथे उतावीळपणे आच वाढवली की वरून कोरडे, आतून चिवट. 95 अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत मांसातल्या कोलॅजन या चिवट प्रथिनाचे मऊ जिलेटिन होते, तेव्हा कुठे ते मऊ पडते. थोडक्यात, आज दुपारी ताटात येणारे मांस काल रात्रीच भट्टीत गेलेले असते. संपले की संपले, तासाभरात नवे होत नाही. मोठी दुकाने रात्रीपर्यंत उघडी असली तरी तेव्हा मिळते ते बराच वेळ गरम ठेवलेले. अकराच्या आत रांगेत असावे. टेक्सासातल्याच लेक्सिंग्टन गावातले स्नोज हे दुकान तर फक्त शनिवारी उघडते, तेही सकाळी आठला.

बहुतेक ठिकाणी वेटर नसतो. काउंटरवर जाऊन पौंडात मागायचे. एक पौंड म्हणजे 454 ग्रॅम. माणशी अर्धा पौंड सगळे मिळून पुष्कळ होते. ब्रिस्केट ‘लीन’ की ‘मॉइस्ट’ असे विचारतील, तेव्हा पहिल्या खेपेला मॉइस्टच घ्यावे. लीन भागात चरबी कमी, त्यामुळे तो लवकर सुकतो. आधी कापून ठेवलेले नको, समोर कापून द्या म्हणावे. काप मांसाच्या तंतूंना आडवा, पेन्सिलीएवढा जाड हवा. बोटावर टांगला की वाकावा पण तुटू नये, आणि हलके ओढले की सुटावा. भुगा झाला तर जास्त शिजले, रबरासारखे ताणले तर कमी. कडेची गुलाबी पट्टी कच्चेपणाची नव्हे. धुरातल्या नायट्रिक ऑक्साइडने मांसाचा रंग तसा टिकतो. ती पाहून ताट परत करू नये. जिभेवर कडवट काजळी जाणवली तर मात्र भट्टीला हवा कमी पडली किंवा लाकूड ओले होते, असे खुशाल समजावे.

बीफ रिब, म्हणजे गोमांसाची बरगडी, हिचे एकच हाड पौंडाच्या वर भरते आणि ते हाडासकट तोलतात, तेव्हा भाव विचारल्याशिवाय बोट दाखवू नये. बिलात धक्का बसतो तो इथेच.

लेखात एक गोष्ट अजिबात आलेली नाही. ब्रिस्केट गोमांस आहेच, पण सॉसेजमध्येही बहुधा गोमांस, पुष्कळदा त्यात डुकराचे मिसळलेले. चालत नसेल त्यांनी टर्की किंवा चिकन मागावे. पण पाट आणि सुरी बहुतेक ठिकाणी एकच असते, हे आधीच जाणून असावे. शाकाहारी मंडळींनी पिंटो बीन्सला हात लावण्यापूर्वी विचारावे, त्यांत बेकन सर्रास असते. बटाट्याचे सॅलड, कोबीचे स्लॉ, लोणच्याची काकडी, कांदा, पांढरा ब्रेड आणि शेवटी पीच कॉबलर एवढ्यावर भागते. बटाट्याच्या सॅलडमध्ये अंडे असू शकते.

उरलेले मांस घरी नेणार असाल तर न कापलेला तुकडाच बांधून घ्या. मायक्रोवेव्हमध्ये ते चामडे होते. फॉइलमध्ये दोन चमचे पाणी शिंपडून घट्ट गुंडाळावे आणि 120 अंशांच्या ओव्हनमध्ये आतपर्यंत गरम होऊ द्यावे, कापावे ते त्यानंतर.

– एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)