पोटखराब म्हणजे पोट बिघडलेलं नव्हे

प्रिय मनू,

तुला आपल्या शेताचा सातबारा उतारा पाठवला तर तुझा मेसेज काय, "आई, आपल्या जमिनीचं पोट खराब आहे का गं?" बाबांना वाचून दाखवला, दोघं खूप हसलो. पण खरं सांगू का, लग्नानंतर तो कागद पहिल्यांदा हातात आला तेव्हा माझं पण हेच झालं होतं, शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ एकाचाही लागेना. 'आकार' बघून मला वाटलं शेत चौकोनी की लांबट ते लिहिलं असेल, तर तो निघाला सरकारला भरायचा शेतसारा! डिक्शनरी काढली, तिच्यात आकारचे ढीगभर अर्थ, त्यातला आपला कुठला हे ती थोडीच सांगणार.

मग आप्पांनी त्यांची वही दिली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने दहा-बारा शब्द, बस्स. पोटखराब म्हणजे जमिनीतली लागवडीला न चालणारी जागा, खडक, नाला वगैरे (आपला ओढ्याकाठचा तुकडा). फेरफार म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, गाव नमुना 6. आर म्हणजे 100 चौरस मीटर, जवळजवळ गुंठाच, आणि असे 40 गुंठे झाले की एकर.

तू विचारत होतीस ना ग्लॉसरी म्हणजे काय, तर हीच ती, शब्दसूची. ह्या कागदावर ह्या शब्दाचा अर्थ काय तेवढं सांगून मोकळी होते. ज्ञानेश्वरीच्या मागे पण असते बघ. लहानपणी पसायदानातला 'खळ' म्हणजे तुला पोस्टर चिकटवायची खळ वाटायची आणि 'भूतां' आलं की माझा पदर धरायचीस, तिथे खळ म्हणजे दुष्ट आणि भूत म्हणजे प्राणिमात्र. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला त्यात फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिलेत, पण ते समजावण्यापेक्षा शब्द बदलायचं काम, वेगळी गोष्ट. मला राग येतो तो कठीण शब्दाला त्याहून कठीण शब्द देणाऱ्यांचा, एका पुस्तकात आकार म्हणजे 'आकारणी' असं छापलंय, झालं समाधान?

वहीच्या पानाचा फोटो पाठवतेय. 'इतर हक्क'मध्ये सोसायटीचं कर्ज अजून दिसतंय, ते फेडून झालंय, बोजा, म्हणजे ती कर्जाची नोंद, उतरवायचा राहिलाय म्हणून बाबा सोमवारी तलाठ्याकडे जाणारेत. बोजा पण यादीत लिहून घे, डोक्यावरचा नाही, जमिनीवरचा.

तुझी
आई