लोकम डॉक्टरांची बाजू कोण मांडणार?

महोदय,

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरची वेळ मिळणे किती अवघड झाले आहे, हा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. निदान पटले. पण लेखकाने डॉक्टर म्हणजे दवाखान्याचा भागीदार, अर्थात सहमालक, असेच गृहीत धरले आहे. तिथे पगारी डॉक्टर आणि लोकम, म्हणजे बदली डॉक्टरही मोठ्या संख्येने रुग्ण तपासतात. मी स्वतः लेस्टर परिसरात लोकम म्हणून काम करतो.

सरकारशी वाटाघाटी करते ती ब्रिटिश मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या संघटनेची फॅमिली डॉक्टरांसाठीची समिती. ज्या करारावर बोलणी होतात, तो सरकार आणि दवाखाना यांच्यातला. पगारी डॉक्टरला नेमणारे मात्र त्याच दवाखान्याचे भागीदार! नेमणाऱ्याची आणि नेमलेल्याची बाजू एकाच वकिलाने कशी मांडायची? २००४ पासून पगारी डॉक्टरांसाठी नमुना करार आहे: आठवड्याला ३७.५ तास, ९ सत्रे, म्हणजे एक सत्र ४ तास १० मिनिटांचे. रुग्ण संपले तरी तपासण्यांचे अहवाल, रुग्णालयांची पत्रे, औषधांच्या चिठ्ठ्या उरतातच, आणि त्या संध्याकाळी घरच्या वेळेतून निपटाव्या लागतात. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या लोकमला तर आजारपणाची पगारी रजाही नाही.

असोसिएशनमध्ये या डॉक्टरांची वेगळी समिती आहे, हे खरे. परंतु मूळ कराराच्या बोलण्यांतच पगारी आणि लोकम डॉक्टरांच्या स्वतःच्या प्रतिनिधींना हक्काची जागा मिळायला हवी.

– एक मराठी डॉक्टर, लेस्टर (इंग्लंड)