कंपोस्टच्या डब्याचं वजन कमी झालं म्हणून पॉइंट्स कापले, त्याबद्दल तक्रार

प्रति,
कस्टमर सपोर्ट टीम,

नमस्कार,

घरच्या ओल्या कचऱ्याचं डब्यात कंपोस्ट खत करायचं, त्याची नोंद करायची आणि पॉइंट्स-कूपन मिळवायचे, या तुमच्या वेबसाइटवर मी साडेचार महिन्यांपासून आहे आणि ही तक्रार तिसऱ्यांदा लिहितेय. आधी दोन्ही वेळेला "आपली विनंती मिळाली" असा ऑटोमॅटिक मेल आला आणि दोन दिवसांनी टिकीट आपोआप बंद झालं. म्हणून यावेळी सगळं सविस्तर लिहिते, जरा लांबेल, पण प्लीज कुणीतरी माणसाने बसून वाचा.

झालं असं की गेल्या महिन्यात तुम्ही वजनाची पडताळणी सुरू केलीत, डबा काट्यावर ठेवायचा आणि फोटो टाकायचा. मी टाकला. तोवर माझ्या नावावर ४१ किलो ओल्या कचऱ्याची नोंद होती, रोजच्या रोज वजन करून केलेली, आणि काट्यावर आतल्या मालाचं वजन आलं ११ किलो. दुसऱ्या दिवशी अकाउंटवर लाल पट्टी, "नोंदी आणि प्रत्यक्ष वजन जुळत नाही, चुकीच्या नोंदींची शक्यता", आणि २३४० पॉइंट्स वजा. म्हणजे सरळ भाषेत तुम्ही मला खोटारडी ठरवलंत, न विचारता, आणि याचं मला खरंच खूप वाईट वाटलंय.

अहो, कंपोस्ट होतं म्हणजे वजन कमी होतंच! साली, देठं, खराब झालेली फळं यात बहुतेक पाणीच असतं, ते वाफ होऊन उडतं नाहीतर खाली झिरपतं, आणि उरलेल्यातला बराचसा कार्बन जिवाणू आणि बुरशी खाऊन टाकतात, तो कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. मध्ये दोन-तीन आठवडे डब्याच्या आत हात घातला तर गरम लागायचं, ती त्यांच्याच कामाची ऊब. घातलं तेवढंच वजन शेवटपर्यंत राहिलं असतं तर मला काळजी वाटली असती. कंपोस्टसाठी बक्षीस देणाऱ्या कंपनीच्या सिस्टीमला हे माहीत नाही यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

आणि याच्याही आधीचा प्रॉब्लेम म्हणजे तुम्ही पॉइंट्स देता ते फक्त ओल्या कचऱ्याच्या किलोवर. सुक्या पालापाचोळ्याला, भुशाला, फाडलेल्या पुठ्ठ्याला शून्य. आता ज्याने एकदा तरी डबा लावलाय त्याला माहितीये की सगळा खेळ त्या सुक्यावरच आहे, कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ लागतं आणि नुसत्या ओल्या कचऱ्यात कार्बन तेवढा नसतो. सुकं कमी पडलं की खाली पाणी साचतं, हवा खेळत नाही, आणि मग कुजायच्या ऐवजी सडायला लागतं. कुजलेल्याला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो, सडलेल्याला नासक्या अंड्याचा, दोन्ही मी स्वतः घेतलेत.

माझ्याच रेफरल लिंकवरून माझी एक मैत्रीण जॉइन झाली. तिने साइटवर जे दिसलं तेच केलं बिचारीने, जास्त किलो जास्त पॉइंट्स, म्हणून उरलंसुरलं सगळं भराभर डब्यात, सुकं काहीच नाही कारण ते कुठे मागितलंच नव्हतं. तीन आठवड्यांत चिलटं, अळ्या, आणि वास असा की घरच्यांनी डबाच बाहेर काढायला लावला. तिचं लीडरबोर्डवर नाव वर होतं तेव्हा! आता ती परत कधी कंपोस्टचं नाव काढणार नाही. मी तिला विरजण (म्हणजे माझ्या डब्यातलं थोडं तयार खत) देऊन, शेजारी बसून शिकवायला तयार होते पण तिचं मन उडालं ते उडालंच, आणि तिला यात मी आणलं ही गोष्ट मला आजही टोचते.

माझं स्वतःचं म्हणाल तर रोज वजन करायला लागल्यापासून आमच्या लक्षात आलं की आपण किती टाकतो. मग हातचं राखून स्वयंपाक, उरलेलं आधी संपवायचं, असं करत करत आठवड्याचा कचरा साडेतीन किलोवरून दोनच्या आत आला. मला केवढा आनंद झाला होता! तुमच्याकडून काय आलं, "तुम्ही मागे पडताय, या आठवड्यात जास्त कचरा जमा करा" आणि गोल्डवरून सिल्व्हर. जो कमी वाया घालवतो त्याची लेव्हल खाली, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही का? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या रिपोर्टप्रमाणे २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरातून. हेच अन्न कचरा डेपोत दाबलं जातं तेव्हा हवा न मिळाल्यामुळे मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरतो. म्हणून तर मी हे सुरू केलं. कूपन मिळालं तर छान, पण कूपनसाठी कुणी चार महिने डबा ढवळत नाही.

आणखी एक, तयार झालेल्या खताचा फोटो मी दोनदा अपलोड केला, चाळणीतून चाळून घेतलेलं, काळं, मोकळं, आणि दोन्ही वेळेला "फोटोत अन्नकचरा दिसत नाही" म्हणून रिजेक्ट. दिसणार कसा, त्याचं खत झालंय ना.

तर मला पुढील गोष्टी हव्या आहेत. माझे २३४० पॉइंट्स परत आणि ती लाल पट्टी काढून टाका, तिच्यामुळे माझ्या ग्रुपमधले सगळे मला विचारतायत की काय चुकीचं केलंस. वजनाची पडताळणी ठेवायची तर घातलेल्या वजनाशी तंतोतंत जुळवू नका, डब्यात वजन घटणारच हे धरून नियम करा. सुक्याची नोंद करायची सोय द्या आणि तिला पॉइंट्स द्या, आणि खत चाळून निघालं की सगळ्यात मोठं बक्षीस तिथे ठेवा, किलोची शर्यत बंद करा. नवीन माणूस जॉइन झाला की पहिल्याच पानावर एक मूठ ओलं तर त्यावर निदान तेवढंच सुकं, एवढी एक ओळ लिहिली तरी माझ्या मैत्रिणीसारख्या कितीतरी जणांचे डबे वाचतील.

माझ्यावर विश्वास नसेल तर व्हिडिओ कॉल करा, कधीही. डबा उघडून दाखवते, खालचा थर हातात घेऊन दाखवते, साडेचार महिन्यांची वजनाची वही पण आहे, पानं स्कॅन करून या मेलला जोडलीयेत. फक्त हे टिकीट माझ्याशी बोलल्याशिवाय बंद करू नका.

आपली,
एक ग्राहक