प्रवेश घेण्याआधी चांदणी गिरवून बघा

संपादक महोदय,

आपल्या करिअर पुरवणीतला मानसशास्त्रावरचा लेख वाचला. ज्यांना माणसांची आवड आहे, जे चांगले श्रोते आहेत, त्यांनी या विषयाकडे वळावं, असा त्याचा एकंदर सूर. हा सूर मला नवा नाही. 26 वर्षं मी हा विषय शिकवला. दर वर्षी पहिल्या तासाला मी विचारायची, ‘का घेतलात हा विषय?’ आणि अर्धा वर्ग सांगायचा, ‘मॅडम, मन मोकळं करायला सगळे माझ्याकडेच येतात.’

महिनाभरात याच वर्गातून दुसरा प्रश्न यायचा: ‘मॅडम, संख्याशास्त्र ऑप्शनला टाकता येईल का?’

नाही येत. 1879 साली जर्मनीत लाइपझिगला विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली, ती कुणाचं दुःख ऐकायला नव्हे. ठोका ऐकू आल्यापासून बोट हलेपर्यंत किती वेळ जातो, हे तिथे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजलं जाई. विषयाचा जन्मच मोजमापातला. ‘माझ्या मनात आत्ता काय चाललंय ते ओळखा’ असं लग्नाकार्यात आम्हाला विचारणाऱ्यांना हे पटत नाही, ते सोडा. पण पदवीला प्रवेश घेणाऱ्याला तरी हे आधी कळायला हवं.

प्रात्यक्षिकाच्या तासाचंच सांगते. टेबलावर उभा आरसा, त्याच्यापुढे कागदावर दुहेरी रेघांची चांदणी, आणि हात थेट दिसू नये म्हणून मध्ये आडोसा. प्रयोज्याने, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो त्याने, फक्त आरशात बघून दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. सोपं वाटतं. पहिल्या टोकाशी वळायची वेळ आली की हात थिजतो. पुढे न्यायला जावं तर पेन्सिल मागे येते, सावरायला जावं तर रेघ ओलांडते. समोर बसलेल्या प्रयोगकर्त्याने दर वेळी लागलेले सेकंद आणि चुका लिहायच्या. असं दहा वेळा. आकडे हळूहळू उतरतात, म्हणजे हात शिकतो.

हे शिकणं कुठल्या कप्प्यात साठतं, याचं उत्तर याच चांदणीने दिलं. 1953 साली अपस्मारासाठी एका तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि त्याच्या नव्या आठवणी टिकेनाशा झाल्या. शास्त्रात तो एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखला जातो. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला तीन दिवस आरशातली चांदणी गिरवायला लावली. दर दिवशी त्याच्या चुका कमी होत गेल्या. आपण हे आधी कधी केलंय, हे मात्र त्याला अजिबात आठवत नव्हतं. म्हणजे हाताचं शिकणं प्रसंगांच्या आठवणींहून वेगळ्या कप्प्यात साठतं. हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता पसरायची.

आणि तरीही जर्नलं तपासायला घेतली की माझा जीव जायचा. एका वर्षी वीसेक जर्नलांत चुकांचा आलेख घसरगुंडीसारखा गुळगुळीत. एकाच मुलीचा वाकडातिकडा: पाचव्या प्रयत्नापर्यंत खाली, सहाव्याला एकदम वर, मग पुन्हा खाली. मी लाल शाईने ‘आलेख नीटनेटका नाही’ असं लिहून दोन गुण कापले. नंतर लक्षात आलं की तीन जर्नलांत सेकंदांचे आकडेसुद्धा जसेच्या तसे आहेत. मग त्या मुलीचं जर्नल पुन्हा उघडलं. तळाशी बारीक अक्षरात टीप होती: ‘पाचव्यानंतर प्रयोज्याने पेन्सिल खाली ठेवली, कंटाळा आला म्हणाला.’ त्या गठ्ठ्यात प्रयोग खरोखर केल्याचा पुरावा असलेलं तेवढं एकच जर्नल होतं, आणि मी त्यालाच शिक्षा केली होती. दोन गुण परत देता आले नाहीत, तोवर निकाल लागला होता.

गुळगुळीत आलेखांचा हा सोस पोरांचाच नाही. 2015 मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने प्रतिष्ठित नियतकालिकांत छापून आलेले 100 अभ्यास पुन्हा करून बघितले. मूळ अभ्यासांपैकी 97 टक्क्यांत निष्कर्ष संख्याशास्त्राच्या कसोटीवर उतरले होते. पुन्हा करताना ते प्रमाण 36 टक्क्यांवर आलं. सगळ्यांनी लबाडी केली असं नव्हे. लहान नमुने, नकोसे निकाल कपाटात आणि हवेसे छापखान्यात, अशी ती सवय. हे उघड्यावर आणलं तेही मानसशास्त्रज्ञांनीच, याचा मला अभिमान वाटतो.

करिअरचं म्हणाल, तर आपल्या लेखात समुपदेशनापलीकडे फारसं काही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची काही बॉम्बफेकी विमानं उतरल्यावर धावपट्टीवरच पोटावर बसत. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने वैमानिकांची मनं चाचपण्याऐवजी कॉकपिट बघितलं. चाकांचं बटण आणि पंखांच्या झडपांचं बटण शेजारी-शेजारी, दिसायलाही सारखं. झडपा मिटायला गेलेला दमलेला हात चुकून चाकंच मिटायचा. त्याने चाकांच्या बटणाला चाकाचा आणि झडपांच्या बटणाला पाचरीचा आकार दिला, म्हणजे न बघताही बोटांना कळावं. विमानातली चाकांची मूठ आजही चाकाच्याच आकाराची असते. हीसुद्धा मानसशास्त्राची नोकरी आहे. साक्षीदाराच्या आठवणी तपासणं, चाचण्या तयार करणं, हीसुद्धा.

चिकित्सेकडे जायचं असेल तर पदवीवर भागत नाही. पदव्युत्तर शिक्षण आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालचं प्रशिक्षण लागतं. औषधं लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर, त्याची वाटच वेगळी. आपल्या लेखात दोन्हींची सरमिसळ झाली आहे. राहता राहिलं चांगल्या श्रोत्याचं. या व्यवसायाचा साधा दंडक आहे की जवळच्या माणसाला आपणच उपचार द्यायचे नाहीत. म्हणजे ज्या मैत्रिणीच्या भरवशावर मुलगी हा विषय घेते, तिलाच पुढे सांगावं लागतं, ‘तू दुसऱ्या कुणाकडे जा.’

मुलांना घाबरवायचा माझा हेतू नाही. माझ्या मते याहून रसाळ विषय दुसरा नाही, अर्थात मी पक्षपाती आहे. एक विनंती करते. पुढच्या वेळी अशा लेखाशेजारी ‘तुम्ही मानसशास्त्रज्ञ व्हाल का?’ छापाची दहा प्रश्नांची चौकट देऊ नका. त्या जागी दुहेरी रेघांची एक चांदणी छापा. आरसा सगळ्यांकडे असतो. दहा वेळा गिरवायची, दर वेळचे सेकंद आणि चुका लिहायच्या, आणि सहाव्या वेळी आकडा वर गेला तर तो वर गेलेलाच लिहायचा. मग अर्ज भरायचा की नाही ते ठरवा म्हणावं.

आपली,
मानसशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका