बाबा, तुमच्या चंद्राच्या प्रश्नाबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

२० मे ला खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर गेले. त्या दिवशी फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, तुम्ही म्हणालात, "मोठा माणूस होता, पण आपल्याले काय समजते त्यातलं? अन् या वयात शिकून काय करा लागते?" ते माझ्या मनातून जाईना.

त्यांचं मोठेपण तुम्हाला ठाऊक आहे. केंब्रिज, तिथले त्यांचे गुरू फ्रेड हॉइल यांच्यासोबतचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, १९७२ मध्ये भारतात परत येणं, इथे पुण्यात उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. मला सांगायचंय ते वेगळंच. बनारसच्या घरी ते लहान असताना त्यांचे मामा फळ्यावर एक अवघड गणित लिहून ठेवायचे. ते सुटेपर्यंत तिथेच राहायचं. पुढे जगभर नाव झालं, तरी ही सवय काही सुटली नाही.

बाबा, २००१ मध्ये नारळीकर बासष्ट वर्षांचे होते. जन्मभर ताऱ्यांचं गणित केलेला माणूस तेव्हा जीवाणूंच्या मागे लागला! पृथ्वीवर जीव अंतराळातून आला असेल का, हा हॉइल यांचा जुना प्रश्न. नुसता वाद घालण्यापेक्षा तपासून बघू, म्हणून त्यांनी इतर शास्त्रज्ञांना सोबत घेतलं आणि हैदराबादहून मोठा फुगा ४१ किलोमीटर उंच सोडून तिथली हवा खाली आणवली. २००५ मध्ये पुन्हा फुगा सोडला. त्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आणि त्यांतल्या एकीला हॉइल यांचं नाव दिलं गेलं. हे जीव अंतराळातूनच आले, असं मात्र त्यावरून सिद्ध झालं नाही. नारळीकरांबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या फुग्यासाठी. साठी उलटल्यावर परक्या विषयात विद्यार्थी होऊन बसायचं, हे सोपं नाही.

आई, नारळीकरांच्या पत्नी मंगलाताईंचंही सांगते. लग्न, मुली, घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं करणं, हे सगळं सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये गणितात पीएच.डी. मिळवली. तू बचत गटाचा हिशेब वहीत उतरवतेस आणि दर वेळी "मले कुठं येते" म्हणतेस. आई, तुला येतं. आता व्याजाचं गणितही स्वतः करून बघ, सुनबाईला विचारू नकोस.

पोरं सही मागायला आली की नारळीकर म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही मिळेल. बाबा, असा प्रश्न तर तुम्ही मला मागच्या दिवाळीत विचारला होता: तुरीच्या वावरामागून उगवणारा चंद्र एवढा मोठा कसा, अन् डोक्यावर आला की लहान कसा? मी "भास असतो" म्हणून तुम्हाला वाटेला लावलं.

नीट उत्तर असं आहे. चंद्र तेवढाच असतो. उलट उगवताना तो आपल्यापासून जवळपास ६४०० किलोमीटर जास्त लांब असतो. मोठेपणा आपल्या मेंदूला वाटतो, आणि तो का वाटतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. म्हणजे तुमचा प्रश्न साधा नव्हता.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. वटपौर्णिमेला संध्याकाळी गच्चीवर जा, हात ताठ लांब करा आणि एक डोळा मिटून करंगळीआड चंद्र धरा. झोपायच्या आधी, तो वर आला की पुन्हा तसंच करा. आईलाही करायला लावा, तिची नजर तुमच्यापेक्षा चांगली आहे. दोघांना काय दिसलं ते वेगवेगळं लिहा. सोबत चार पोस्टकार्डं ठेवली आहेत, पत्ता घालूनच. त्या दिवशी आभाळ आलं किंवा पेरणीची घाई असली तर पुढच्या पौर्णिमेला बघा.

तुमची लेक