परळच्या काकांना, एका कॉलेटबद्दल

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

माझं मशीन बरं करूनही तुम्ही पैशाला हात लावत नाही, चहावरच भागवता, म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण घरी छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कोरकामाचं मशीन) घेतलेल्या बऱ्याच जणांचा बिट, म्हणजे कापणारं टोक, माझ्यासारखाच थरथरतो आणि त्यांना सल्ला मिळतो तो फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग) कमी करण्याचा, नाहीतर थेट स्पिंडल (बिट फिरवणारा दांडा) बदलण्याचा. तुम्ही यातलं काही सुचवलं नाहीत. आधी मशीनचा प्लग काढायला लावलात.

सागवानावर देवघराची जाळी कापताना कडेला बारीक लाटा उठत होत्या. आवाजही खर्जातला, खरखरीत. 18000 आरपीएमला (मिनिटाला 18000 फेरे) दोन धारांचा बिट सेकंदाला 600 वेळा लाकडाला लागायला हवा. तुम्ही दारात उभं राहून ऐकलंत आणि म्हणालात, "एकच धार कापतेय."

मग पपी डायल (बारीकशी हालचाल काट्याने दाखवणारं मोजमापाचं साधन) काढलात. त्याचा मॅग्नेट बेस अ‍ॅल्युमिनियमच्या बेडला चिकटेना, तर वर जाऊन जाड लोखंडी पट्टी आणलीत आणि सी-क्लॅम्पने आवळलीत. कॉलेट, म्हणजे बिट आवळून धरणारी चिरांची नळी, काढून डायलचं टोक स्पिंडलच्या आतल्या टेपरला (निमुळत्या भोकाला) टेकवलंत, स्पिंडल हाताने सावकाश फिरवलात. काटा जेमतेम हलला. मग कॉलेट, बिट बसवून डायल शँकवर, म्हणजे बिटाच्या गुळगुळीत दांड्यावर, लावलात (धारांवर लावला तर काटा नुसता उड्या मारतो). तिथे काटा बारा घरं फिरला, म्हणजे 0.12 मिमी. जिथे बिट सगळ्यात जास्त आउट (मध्यापासून सरकलेला) होता तिथे मार्करने खूण केलीत, कॉलेट अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळलात, आणि आउट जागा कॉलेटबरोबर सरकली. स्पिंडल वाकडा असता तर ती जागची हलली नसती. नुसता बिट फिरवून पाहिला, त्याने काही फरक पडला नाही. कॉलेटच्या चिरांतला भुसा काढून, रॉकेलने धुऊनही काटा तेवढाच फिरला, तेव्हा कुठे तुम्ही तो बाजूला ठेवलात. मशीनबरोबर आलेला कॉलेटच सदोष होता.

गणित तुम्ही प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलने मांडलंत. मिनिटाला 1800 मिमी फीडला एका धारेच्या वाट्याला 0.05 मिमी लाकूड येतं. बिट त्याच्या दुपटीहून जास्त आउट असेल तर बाहेर आलेली धार दोघींचं काम करते आणि दुसरी हवेत फिरते. अशा वेळी फीड कमी करून काय होणार? उलट धार घासते, लाकूड करपतं. तो तुकडा मी मशीनशेजारीच टांगलाय.

नागदेवी स्ट्रीटवरून ईआर-11 मापाचा, एक सुताच्या शँकचा, म्हणजे 3.175 मिमीचा चांगला कॉलेट आणला. तो आधी नटमध्ये किंचित तिरका धरून टक् असा बसवायचा आणि मगच नट स्पिंडलला लावायचा, हे तुम्ही माझ्या हातून करून घेतलंत. काटा दोन घरांवर आला. बिट जेवढा लागतो तेवढाच बाहेर ठेवायचा, हेही तेव्हाच सांगितलंत: बाहेरची लांबी निम्मी केली की वाकणं आठ पटीने कमी होतं. आता जाळीच्या कडेवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते, आणि पावडरीऐवजी सुटा किस पडतो.

काका, मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे, की आयुष्य टूलरूममध्ये काढलेल्या माणसाने माझं टेबलावर मावणारं मशीन मोठ्या लेथच्याच गांभीर्याने तपासलं. मोजल्याशिवाय एकही स्क्रू सैल केला नाहीत. मी विचारलेल्या प्रत्येक "का"ला तुम्ही उत्तर दिलंत, कधीच "तुला नाही कळायचं" म्हणाला नाहीत. हे किती दुर्मीळ आहे, ते या कामात शिकू पाहणाऱ्या मुलींना विचारा.

पावसात टेपर गंजू नये म्हणून काम झालं की तेलाचा हात फिरवते आणि बिट लावण्याआधी पुसून कोरडा करते. झेडच्या (बिट वर-खाली करणाऱ्या भागाच्या) चाकांत मात्र अजून थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. डायल परत द्यायला रविवारी वर येते, तेव्हा तेवढं विचारायचं आहे. काकूंना नमस्कार सांगा.

मनापासून आभार.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण