विषय: वारलेल्या मामांच्या मोबाइलवर ओटीपी पाठवल्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, मृत्युपत्र व ट्रस्ट विभाग

आज दुपारी तुमच्या कॉल सेंटरला सातवा फोन केला. फोन ठेवल्यावर "तक्रार बंद" असा मेसेज आला, म्हणून आता थेट तुम्हाला लिहिते आहे.

आईचं मृत्युपत्र 2017 साली तुमच्याकडे केलं. मूळ कागद तुमच्याच लॉकरमध्ये आहे. दरवर्षी आढावा घेऊन गरज पडेल तशी पुरवणी करून देण्याचे वर्षाला 4,000 रुपये तुम्ही न चुकता कापता. आठ वर्षांत आढाव्याचा एक फोन नाही. दरम्यान आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासात पडली. मृत्युपत्रातला सात नंबरचा ब्लॉक आता अस्तित्वातच नाही. आणि मृत्युपत्राचे एक्झिक्युटर (आईच्या मागे ते अमलात आणणारे), माझ्या गतिमंद भावासाठी केलेल्या ट्रस्टचे एकमेव ट्रस्टी, म्हणजे आमचे मामा, मार्चमध्ये वारले. त्यांच्या मृत्यूचा दाखला मी एप्रिलमध्ये पाठवला. पोच माझ्याकडे आहे.

तरी मंगळवारी तुमची प्रतिनिधी म्हणाली, "एक्झिक्युटर बदलायला त्यांची संमती लागते मॅडम. त्यांच्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, विचारून सांगता का?" मी म्हटलं, ते वारले. "हो मॅडम, पण सिस्टिममध्ये अॅक्टिव्ह दिसतायत." मी पुन्हा सांगितलं. तिने पुन्हा ओटीपी पाठवला. मामांचा फोन मामी अजून चार्ज करून उशाशी ठेवते. पाच मिनिटांत तिचा फोन आला, "अगं, ह्यांच्या फोनवर कसलातरी नंबर आलाय. कुणी विचारतंय का ह्यांना?" तिला काय सांगावं ते मला सुचेना.

मुळात एक्झिक्युटर जिवंत असता तरी त्याची संमती लागत नाही. मृत्युपत्र आईचं आहे, तिची बुद्धी शाबूत आहे तोवर ती ते केव्हाही बदलू शकते. हे तुमच्या विभागाला मी शिकवायचं?

मग तुमच्या वरिष्ठांनी तोडगा काढला की आईने आधारच्या ओटीपीने ई-सही करावी. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या पहिल्या अनुसूचीत मृत्युपत्र वगळलेलं आहे, ई-सही चालत नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 च्या कलम 63 प्रमाणे आईची सही आणि निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, पुरवणीलाही. तुमचं ऐकलं असतं तर आईच्या मागे भावाच्या हाती निकामी पुरवणी उरली असती.

आई 81 वर्षांची आहे. गुरुवारी तुमचा माणूस कागद घेऊन येणार म्हणून शेजारच्या काकू आणि आमचे डॉक्टर साक्षीला येऊन बसले होते. हात थरथरतो म्हणून आई सकाळपासून वहीच्या मागच्या पानावर सही गिरवत होती. पाऊण वाजता तुमची लिंक आली. डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आले होते.

बाबांची पेन्शन तुमच्याच बँकेत यायची. त्या नावावर विसंबून आईने हे काम तुम्हाला दिलं.

मामांचा नंबर आजच्या आज काढा. मामीला पुन्हा ओटीपी जाता कामा नये. 32,000 रुपये पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. सगळे कॉल रेकॉर्ड केलेले आहेत. नवं मृत्युपत्र आम्ही आमच्या वकिलांकडून करून घेतो. मूळ कागद कुरिअरने पाठवू नका, माणसाच्या हाती आईकडे पोचवा. ती घरीच असते.